शर्यतपथावरील विदा-नोंदक व चित्रण यंत्रणा

बंदिस्त शर्यतपथावर मोटारगाडी, मोटारसायकल किंवा कार्ट चालविताना वाहनाचे स्थान, वेग, प्रवेग, एंजिनाचे परिभ्रमण, ब्रेकचा दाब इ. राशी ठराविक कालांतराने मोजून साठविणाऱ्या उपकरणास विदा-नोंदक म्हणतात. व्यवहारात ते ‘डेटा लॉगर’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या जोडीला चालकासमोरील मार्ग व चालकाच्या हालचाली टिपणारा कॅमेरा असतो. या दोहोंच्या नोंदी एकाच कालमापनाला बांधल्या म्हणजे एकसंध यंत्रणा तयार होते. वेगाने वाहन चालविताना चालकाचे अवधान पुढच्या वळणावर असते. मागच्या वळणावर आपण ब्रेक नेमका कोठे दाबला, किती जोराने दाबला व किती लवकर सोडला, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. फेरी जलद झाली की संथ, याविषयीची त्याची भावनाही पुष्कळदा चुकीची ठरते. गोंगाट व धडपड अधिक असलेली फेरी त्याला जलद वाटते. स्मृती व मोजमाप यांतील हे अंतर भरून काढणे आणि धोका न वाढविता कौशल्य वाढविणे, हा या यंत्रणेचा मुख्य हेतू होय.

इतिहास : धावत्या वाहनाच्या गतीची आपोआप नोंद घेण्याची कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३९ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एका डब्यात सरकत्या कागदावर लेखण्यांच्या साहाय्याने ओढ, हादरे व काल यांचे आलेख उमटविणारी योजना केली होती. अपघाताचे कारण निश्चित करता यावे म्हणून प्रत्येक गाडीत असे साधन असावे, असे मत त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांडले. विमानांसाठी ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉरन यांनी १९५० नंतरच्या दशकात उड्डाण-नोंदकाची कल्पना मांडून त्याचे आद्य प्रतिरूप तयार केले. मालवाहू मोटारींमध्ये गोल कागदी तबकडीवर वेग व काल नोंदविणारा टॅकोग्राफ यूरोपात रूढ झाला व १९७० मध्ये यूरोपीय आर्थिक समूहाने त्यासंबंधी समाईक नियम केले.

मोटार शर्यतींमध्ये विद्युत् उपकरणांनी नोंद घेण्याची पद्धत १९८० नंतर झपाट्याने पसरली. एंजिनाचे नियंत्रण सूक्ष्मप्रक्रियकाकडे गेल्यामुळे नियंत्रणासाठी मोजलेल्या राशी साठविणेही सोपे झाले. जर्मनीतील बॉश या कंपनीने वाहनातील निरनिराळ्या नियंत्रकांना एकाच तारजोडीवरून परस्परांशी संदेश देता यावेत, अशी ‘कॅन’ नावाची संदेशवहन पद्धती १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्यामुळे प्रत्येक राशीसाठी स्वतंत्र संवेदक बसविण्याची गरज पुष्कळ अंशी उरली नाही. दुसरा निर्णायक बदल उपग्रहांमुळे झाला. अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रह स्थाननिश्चिती पद्धतीतील नागरी संकेतांची अचूकता हेतुपुरस्सर कमी ठेवली जात असे. हे बंधन २ मे २००० रोजी उठविण्यात आले आणि सुमारे शंभर मीटरपर्यंत जाणारी स्थानातील त्रुटी काही मीटरांवर आली. त्यानंतर शर्यतसंघांच्या हाती असलेले हे साधन हौशी चालकांच्याही आवाक्यात आले. ब्रिटनची रेसलॉजिक, इटलीची एआयएम व ऑस्ट्रेलियाची मोटेक या कंपन्यांची उपकरणे या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. २०२० मध्ये गार्मिन कंपनीने फेरी चालू असतानाच चालकाला तोंडी सूचना देणारे उपकरण बाजारात आणले.

रचना व कार्य : विदा-नोंदकाचे सामान्यतः चार भाग असतात : उपग्रह-प्रग्राहक, जडत्वीय संवेदक, वाहनाशी जोडणी आणि स्मृतिपत्र. उपग्रह-प्रग्राहक स्थान व वेग देतो. स्थानात दोनतीन मीटरांची त्रुटी राहू शकते. परंतु वेग हा उपग्रहाच्या संकेतातील डॉप्लर परिणामावरून काढला जात असल्यामुळे तो स्थानापेक्षा पुष्कळच अचूक असतो. म्हणून चालकाने वाहनपथाची रेषा एका मीटरने बदलली की नाही, हे साध्या प्रग्राहकावरून ठरविणे योग्य नव्हे. वळणातील किमान वेग ताशी दोन किमी.नी वाढला की नाही, हे मात्र त्यावरून सांगता येते.

जडत्वीय संवेदकात परस्परांना लंब अशा तीन अक्षांवर प्रवेग मोजणारे प्रवेगमापक आणि तीन अक्षांभोवतीचा कोनीय वेग मोजणारे घूर्णी-संवेदक असतात. उपग्रहाची नोंद सावकाश येते, पण ती दीर्घकाळ भरवशाची असते. जडत्वीय संवेदकाची नोंद जलद येते, पण तिच्यातील सूक्ष्म त्रुटी साचत जाते. रूडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती गाळणीच्या साहाय्याने या दोहोंचा मेळ घालतात. पूल, दाट झाडी किंवा उंच प्रेक्षागृह यांच्याजवळ उपग्रहाचा संकेत क्षीण झाला, तरी अशा मेळामुळे नोंद तुटत नाही.

वाहनाशी जोडणी दोन प्रकारे करता येते. दोषनिदानासाठी वाहनात दिलेल्या जोडबिंदूतून उपकरण प्रश्न विचारते व वाहनाचा नियंत्रक उत्तर देतो. ही रीत सोपी आहे. पण विचारलेल्या राशींची संख्या वाढली की प्रत्येक राशीच्या वाट्याला सेकंदाला थोडीच उत्तरे येतात. दुसऱ्या रीतीत उपकरण कॅन तारजोडीवरील संदेश नुसते ऐकते. त्यामुळे जलद नोंद मिळते; परंतु कोणत्या संदेशात कोणती राशी आहे, हे प्रत्येक वाहनासाठी माहीत असावे लागते. उपकरण घेण्यापूर्वी आपल्या वाहनासाठी ही माहिती उत्पादकाकडे उपलब्ध आहे की नाही, याची खात्री करून घेणे इष्ट असते.

नोंदीची कंप्रता : एका सेकंदात किती वेळा मोजमाप घेतले जाते, त्या संख्येस नोंदीची कंप्रता म्हणतात. ताशी १८० किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ५० मी. अंतर तोडते. सेकंदाला एकदाच नोंद घेतली, तर दोन नोंदींमध्ये ५० मी. अंतर पडते व ब्रेक लावण्याची संपूर्ण क्रिया दोनतीन बिंदूंतच संपते. सेकंदाला १० नोंदी घेतल्यास हे अंतर ५ मी. आणि २५ नोंदी घेतल्यास २ मी. होते. हातातील सामान्य दूरध्वनीचा प्रग्राहक बहुधा सेकंदाला एकदाच स्थान देतो. म्हणून दूरध्वनीचा उपयोग करावयाचा असल्यास त्याला १० किंवा अधिक कंप्रतेचा बाह्य प्रग्राहक जोडणे आवश्यक ठरते. वेग व स्थान यांसाठी १० ते २५ ही कंप्रता पुरेशी असते. सुकाणूचा कोन व ब्रेकचा दाब यांसाठी ५० ते १००, तर निलंबन-दांड्यांच्या हालचालीसाठी त्याहून अधिक कंप्रता लागते. कंप्रतेचा जाहिरातीतील आकडा आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत फरक असू शकतो. काही उपकरणे मधले बिंदू गणिताने भरून आकडा फुगवितात. असे बिंदू नवी माहिती देत नाहीत.

चित्रण : विदा काय घडले ते सांगते, ते का घडले, हे पुष्कळदा चित्रावरूनच कळते. एखाद्या फेरीत वेग कमी पडला, तर तो चालकाच्या चुकीमुळे, पुढील वाहनाला वाट दिल्यामुळे की पिवळे निशाण दिसल्यामुळे, हे आलेखात उमटत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात समोरचा मार्ग, चालकाचे हात व सुकाणू हे तिन्ही यावेत, अशी जागा निवडतात. मोटारगाडीत ही जागा बहुधा दोन आसनांच्या मध्ये, किंचित मागे व डोक्याच्या उंचीवर असते. काचेवर चिकटविलेला कॅमेरा समोरचा मार्ग चांगला दाखवितो, परंतु चालकाच्या हालचाली त्यात येत नाहीत.

सेकंदाला ३० चित्रचौकटी घेतल्यास ताशी १८० किमी. वेगाला दोन चौकटींत १·६७ मी. अंतर पडते, ६० चौकटी घेतल्यास ते निम्मे होते. अध्ययनासाठी चित्राच्या विभेदनक्षमतेपेक्षा स्थैर्य व योग्य उद्‌भासन यांना अधिक महत्त्व आहे. उन्हात चमकणारा मार्ग व गाडीतील अंधारा भाग दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. चित्रणास स्मृतीही बरीच लागते. सेकंदाला २५ मेगाबिट वेगाने घेतलेले २० मिनिटांचे चित्रण सुमारे ३·७५ गिगाबाइट जागा व्यापते. याउलट सेकंदाला १०० वेळा घेतलेल्या वीस राशींची तेवढ्याच वेळाची नोंद पाच मेगाबाइटांच्या आत बसते. म्हणून विदेत काटकसर करण्याचे कारण नाही. स्मृतिपत्राचा लेखनवेग व क्षमता मात्र चित्रणाच्या हिशेबाने ठरवावी लागते.

समकालन : चित्र व विदा एकाच क्षणाची असणे, यास समकालन म्हणतात. ब्रेकचा आलेख चित्राच्या अर्धा सेकंद मागे असेल, तर ताशी १८० किमी. वेगाला २५ मी.ची चूक होते आणि सर्व निष्कर्ष उलटे ठरू शकतात. एकाच पेटीत कॅमेरा व नोंदक असलेल्या यंत्रणेत समकालन आपोआप होते. स्वतंत्र कॅमेरा वापरल्यास नंतर संगणकावर दोन्ही नोंदी जुळवाव्या लागतात. त्यासाठी गाडी थांबलेल्या अवस्थेतून सुटण्याचा क्षण सोयीचा असतो. प्रत्येक सत्रानंतर हे काम करण्यास वेळ मिळत नाही व नोंदी तशाच पडून राहतात. त्यामुळे एकत्रित यंत्रणेची चित्रगुणवत्ता थोडी कमी असली, तरी ती प्रत्यक्षात अधिक उपयोगी पडते.

निवड : यंत्रणा निवडताना प्रथम कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे, हे ठरवावे लागते. नवशिक्या चालकाला फेरीचा काल, वेगाचा आलेख व चित्रण एवढे पुरते. त्यासाठी दूरध्वनी, बाह्य प्रग्राहक व साधा कॅमेरा ही जोडणीही चालते. वर्षातून अनेकदा शर्यतपथावर जाणाऱ्यास एकत्रित यंत्रणा व कॅन जोडणी योग्य ठरते. वाहनाच्या मांडणीत बदल करणाऱ्या संघाला मात्र ब्रेकचा दाब, सुकाणूचा कोन, टायरांचे तापमान इत्यादींचे स्वतंत्र संवेदक जोडता येतील असा विस्तारक्षम नोंदक लागतो. पाहिल्या न जाणाऱ्या शंभर राशींपेक्षा प्रत्येक सत्रानंतर पाहिल्या जाणाऱ्या पाच राशी श्रेयस्कर होत. म्हणून उपकरणाबरोबर मिळणारी विश्लेषण-प्रणाली किती सुगम आहे, ती महाजालाशी जोडणी नसताना चालते काय आणि नोंदी सर्वसाधारण स्वरूपात बाहेर काढता येतात काय, या गोष्टी खरेदीपूर्वी पाहाव्या लागतात.

वाहनाच्या प्रकारानुसारही निवड बदलते. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्यावर घट्ट बसविलेल्या प्रवेगमापकाचा अक्षही कलतो. ८० मी. त्रिज्येच्या वळणात ताशी ९० किमी. वेगाने जाताना केंद्राभिमुख प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे ०·८ पट असतो व त्याला अनुरूप कल सुमारे ३९° येतो. अशा समतोल अवस्थेत गाडीच्या आडव्या अक्षावरील प्रवेगमापक जवळजवळ शून्य दाखवितो. म्हणून मोटारसायकलीसाठी घूर्णी-संवेदकाच्या साहाय्याने कलाचा कोन काढणारे उपकरणच घ्यावे लागते. कार्टमध्ये दोषनिदानाचा जोडबिंदू नसतो. तेथे ठिणगी-गुडदीच्या तारेवरून एंजिनाचे परिभ्रमण व स्वतंत्र संवेदकाने पाण्याचे किंवा निष्कास वायूंचे तापमान मोजतात आणि सुकाणूवरच बसणारा लहान नोंदक वापरतात.

बसविणे व सुरक्षितता : सुटे झालेले उपकरण अपघाताच्या वेळी चालकाला इजा करू शकते. म्हणून कॅमेरा व नोंदक संरक्षक दांड्यांच्या सांगाड्याला किंवा आसनाच्या पक्क्या भागाला धातूच्या पकडीने बांधतात. निर्वात चकतीवर विसंबावयाचे असल्यास दुसरी सुरक्षा-दोरी लावतात. शिरस्त्राणावर कॅमेरा बसविल्याने त्याच्या संरक्षणक्षमतेला बाध येऊ शकतो. बाहेरील बाजूस काहीही लावण्यापूर्वी संयोजकांची परवानगी घ्यावी लागते. वाहन चालू असताना पडद्यावरील आकडे पाहणे धोक्याचे असल्यामुळे पडदा झाकणे किंवा त्यावर केवळ फेरीचा काल ठेवणे हितावह असते.

उष्णता हा आपल्याकडील विशेष प्रश्न आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतील तापमान ४०° से.च्या पुढे जाते व बंद मोटारीतील तापमान त्याहून पुष्कळच वाढते. अशा वेळी दूरध्वनी तापून आपोआप बंद पडतो आणि लिथियम विद्युत् घटाचे आयुष्य घटते. वाहनाच्या विद्युत् घटमालेवर चालणारे व वीज अचानक तुटली तरी शेवटची नोंद जतन करणारे उपकरण येथे उपयुक्त ठरते.

विश्लेषण : वेगाचा आलेख काळाऐवजी अंतराच्या अक्षावर काढतात, म्हणजे दोन फेऱ्यांतील एकाच जागेची तुलना करता येते. त्याखाली दोन फेऱ्यांतील कालफरकाचा आलेख काढला की वेळ कोठे मिळाला व कोठे गमावला, हे एका दृष्टिक्षेपात समजते. उदा., ताशी १८० किमी. वेगावरून ७२ किमी.वर येताना प्रतिसेकंद प्रतिसेकंद ७ मी. मंदनाने १५० मी. अंतर लागते, मंदन ८ मी. केल्यास सुमारे १३१ मी. पुरतात. म्हणजे ब्रेक १९ मी. उशिरा लावता येतो व त्यात सुमारे ०·१६ सेकंद वाचतो. परंतु या घाईमुळे वळणातून बाहेर पडण्याचा वेग घटला आणि पुढील ५०० मी. सरळ मार्गावरील सरासरी वेग सेकंदाला ४० मी.ऐवजी ३९ मी. झाला, तर सुमारे ०·३२ सेकंद जातो. उशिरा ब्रेक लावल्याचे समाधान मिळते, पण फेरी संथ होते. असा हिशेब मांडून दाखविणे, हे नोंदकाचे सर्वांत मोठे कार्य आहे.

टायराची पकड मर्यादित असते व ती मंदन आणि वळणे यांत वाटली जाते. दोन्ही दिशांचे प्रवेग एकाच आकृतीत मांडल्यास बिंदू साधारणतः एका वर्तुळात पडतात. यास घर्षण-वर्तुळ म्हणतात. कुशल चालकाचे बिंदू परिघालगत राहतात, तर नवशिक्याचे बिंदू ब्रेक सोडणे व वळणे यांच्या मध्ये केंद्राकडे घसरतात. निरनिराळ्या फेऱ्यांतील उत्तम तुकडे जोडून संगणक ‘आदर्श फेरी’चा काल काढतो, परंतु एका तुकड्यातील लाभ पुढील तुकड्याच्या हानीतून आलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवून त्याचा अर्थ लावावा लागतो.

भारतातील स्थिती : देशात मोटार-क्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटार स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै येथील सुमारे ३·७ किमी. लांबीचा, कोईमतूर येथील कारी मोटर स्पीडवे हा सुमारे २·१ किमी. लांबीचा आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा सुमारे ५·१ किमी. लांबीचा हे प्रमुख शर्यतपथ होत. शेवटच्यावर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन व २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यती झाल्या. महाराष्ट्रात कोल्हापूर येथे मोहिते रेसिंग अकादमीचा कार्ट-पथ आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा शर्यतसंघ स्वतः विद्युत् शर्यत-मोटार तयार करतो. अशा संघांना आपल्या वाहनाची नोंद-यंत्रणा हा अभ्यासाचाच एक भाग असतो.

शर्यतीपेक्षाही व्यापक उपयोग वाहनांच्या चाचणीत होतो. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च ॲसोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था येथे वाहनांच्या चाचण्या घेतल्या जातात. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूर येथे ११·३ किमी. लांबीच्या अतिवेगी चाचणीपथाचे उद्‌घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. ब्रेक-अंतर, प्रवेग व स्थैर्य यांच्या चाचणीत उपग्रह-प्रग्राहक व जडत्वीय संवेदक यांची तीच तत्त्वे अधिक काटेकोरपणे वापरली जातात. सार्वजनिक प्रवासी वाहनांतील स्थान-निदर्शक उपकरणांसाठी लागू केलेले ‘एआयएस-१४०’ हे मानकही पुणे येथील वरील संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

सार्वजनिक रस्ता व नोंदक : शर्यतपथावर सर्व वाहने एकाच दिशेने जातात, वळणाबाहेर मोकळी जागा असते, निशाणे दाखविणारे कर्मचारी व रुग्णवाहिका सज्ज असतात. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी काहीही नसते. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावातील वेगाची हौस असलेल्या तरुणाला वरील शर्यतपथ फार दूर पडतात. मेहकर व सिंदखेडराजा या भागांतून जाणारा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मात्र जवळ असतो. सरळ, रुंद व मोकळा दिसणारा हा ७०१ किमी.चा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. तो शर्यतपथ नव्हे. तेथील वेगमर्यादा, बंद पडलेली वाहने, झोपेने जडावलेले चालक व रस्त्यात येणारी जनावरे यांची दखल कोणत्याही आलेखात अगोदर मिळत नाही. याच महामार्गावर सिंदखेडराजा परिसरात १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली व २५ प्रवाशांचा मृत्यू झाला.

अशा अपघातानंतर वाहनाचा वेग किती होता, ब्रेक लावला होता काय, टायर आधी फुटला की वाहन आधी आदळले, हे प्रश्न उभे राहतात. साक्षी परस्परविरोधी असतात आणि वाचलेला चालक भेदरलेला असतो. वाहनातील नोंद सुरक्षित राहिली असेल, तर या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी मिळू शकतात. यूरोपीय संघाने आघातापूर्वीच्या काही सेकंदांतील वेग व ब्रेक यांची स्थिती टिकवून ठेवणारा घटना-नोंदक जुलै २०२२ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचा केला. बॅबेज यांनी रेल्वेगाड्यांसाठी केलेली शिफारस अशा रीतीने सामान्य माणसाच्या मोटारीपर्यंत पोहोचली आहे. शर्यतपथावर हा नोंदक सेकंदाचे अंश वाचविण्यासाठी वापरतात. रस्त्यावर पुढचा अपघात टळावा म्हणून मागच्याचे कारण कळणे, हे त्याचे कार्य आहे. दोन्ही ठिकाणी नोंद विश्वसनीय ठरण्यासाठी उपकरण घट्ट बसविलेले, त्याचे घड्याळ बरोबर व त्याची नोंद कोणालाही मागाहून बदलता न येण्याजोगी असावी लागते.